जोडीदाराचे ऐकत नाही

निमगाव केतकी, ता. इंदापूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय वृषे,

अठरा वर्षांनी माझं पत्र येतंय आणि तेही पोस्टानं, तेव्हा आधी खाली बस आणि मग वाच. मी प्रगती. सांगवीला मामाकडं शिकायला राहिलेली आणि नीरेच्या वाळूत तुझ्याबरोबर सात वर्षं लोळलेली. आता इथं डाळिंबाची बाग, दोन म्हशी, शकुबाई नावाच्या सासूबाई, आमचे हे आणि एक मुलगी, असा माझा संघ आहे. पेपरात तुझं नाव आलं की मी कात्री शोधते. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद, आशियाई स्पर्धेतलं पदक, गुडघ्याचं ऑपरेशन, निवृत्ती, बारामतीत मुलींना शिकवतेस ते, सगळी कात्रणं कपाटात साड्यांच्या खाली आहेत. घरात कुणाला दाखवत नाही. हसतील म्हणून नाही, मीच डोळे पुसत बसेन म्हणून.

आता कामाचं. गेल्या आठवड्यात माळेगावला एकोणीस वर्षांखालच्या मुलींची बीच व्हॉलीबॉलची निवड चाचणी झाली. समितीत तू होतीस. त्यातली नऊ नंबरची श्रेया माझी मुलगी. तिची निवड झाली नाही, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. पण चाचणीचा कागद शाळेत आला आणि त्यावर शेरा आहे : 'उडी उत्तम. चेंडूची समज उत्तम. जोडीदाराचे ऐकत नाही.' तुझा तो शेपटीवाला 'ऐ' मी लांबूनही ओळखला असता.

वृषे, शेवटचं वाक्य तेवढं खोड. मुलीला घेऊ नकोस, पण ते वाक्य कागदावर राहू देऊ नकोस. आणि तुला जे कळलंय ते कुणाजवळ बोलू नकोस, तुला आपल्या वाळूची शपथ. मुलीची जात आहे, उद्या तिचं लग्न करायचंय.

फोन करू नकोस. फोन तिच्याच हातात असतो आणि मी तुला लिहिलंय हे तिला कळायला नको.

तुझी (अजून म्हणू ना?)
प्रगती


बारामती
२१ जानेवारी २०२५

प्रगे,

'तुझी म्हणू ना' म्हणे. अठरा वर्षं पत्ता नाही, आणि पत्र आलं ते लेकीच्या शेऱ्यासाठी. पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि चप्पल न काढता दारातच बसले. उघडून वाचलं आणि चिडले.

पहिली गोष्ट, ती मुलगी तुझी आहे हे मला माहीत नव्हतं. आडनाव वेगळं, आणि चेहरा बघायला तिनं तोंड वळवलं तर ना! जोडीदारीण मागून 'सोड, सोड' म्हणून ओरडतेय आणि ही बाहेर चाललेल्या चेंडूला हात लावतेय. एकदा नाही, तीनदा. मी कडेवरून हाक मारली, दुसऱ्यांदा मारली, बाई सरळ पाठ फिरवून पाणी प्यायला गेल्या. मी शेजारच्या पंचांना म्हणाले, एवढा तोरा मी जन्मात एकाच मुलीत पाहिलाय. आता कळलं, तोरा घरचाच आहे.

दुसरी गोष्ट, 'तुला जे कळलंय' म्हणजे काय? मला एवढंच कळलं की पोरगी हट्टी आहे. हट्टी मुलींची लग्नं होत नाहीत की काय? तुझं झालं की.

पत्र वाचून मी सांगवीला जाऊन आले. आपली वाळू राहिली नाही गं. नदीच्या काठानं बाभळी माजल्यात, आणि जिथं हिंदुराव सर दोरीनं कोर्ट आखायचे तिथं गुडघाभर खड्डे आहेत. मी तरी उभी राहिले थोडा वेळ. बैलाच्या पाठीमागं फळी बांधून सर वाळू सपाट करायचे आणि आपण दोघी वजन पडावं म्हणून फळीवर उभ्या राहायचो, ते आठवलं. माळेगावच्या कारखान्याचा भोंगा झाला की सराव सुरू, पुढचा झाला की बंद. मधल्या वेळात पाणी मागितलं तर सर म्हणायचे, "नदी हाय की म्होरं."

आणि ते आपले दोन शब्द! बाकीच्या जोड्या चेंडू बाहेर जाणार असला की 'आऊट' ओरडायच्या. पुण्याहून आलेल्या मॅनेजरबाईंनी आपल्यालाही तेच म्हणायला सांगितलं. तेव्हा सर म्हणाले होते, "बाई, ह्या पोरी सपनातबी हाय न्हायच म्हणत्यात. हाय म्हनलं की हात म्होरं, न्हाय म्हनलं की हात मागं. इंग्रजी कळस्तोवर चेंडू पडंल." त्या दोन शब्दांवर आपण जिल्हा जिंकला, राज्य जिंकलं आणि चेन्नईच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो.

आणि त्या दोन शब्दांवरच हरलो. आठवतं ना तुला? तिसरा सेट, तेरा-चौदा. सर्व्हिस तुझ्या डोक्यावरून मागच्या दोरीबाहेर चाललेली. मी ओरडले, 'न्हाय!' तू उडी मारून हात लावलास आणि चेंडू गेला समुद्राकडं. मग सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "वृषाली हाय म्हणाली." मॅनेजरबाईंनी लिहूनही टाकलं, वृषालीने चुकीची हाक दिली. तीन महिन्यांनी तुझं लग्न झालं आणि मला पत्रिकासुद्धा आली नाही.

तुला एक सांगू? त्यानंतर कोर्टवर मी 'न्हाय' हा शब्द उच्चारलेला नाही. केरळच्या जोडीदारणीबरोबर दहा वर्षं खेळले, पदकं मिळवली, ती 'आऊट' म्हणून. मला वाटायचं, माझीच जीभ घसरली असणार. प्रगती खोटं कशाला बोलेल?

शेरा खोडणार नाही. जे बघितलं तेच लिहिलं.

वृषाली


निमगाव केतकी
३० जानेवारी २०२५

प्रिय वृषाली,

तुझं पत्र आलं. म्हणजे तुला काहीच कळलेलं नव्हतं. मग मी उगाच लिहिलं. शेरा असू दे. विषय सोडून दे.

वाळू गेली हे वाचून वाईट वाटलं. मला तर तिथला वाससुद्धा आठवतो, ओल्या वाळूचा आणि पलीकडं कुणाच्या तरी गुऱ्हाळातल्या काकवीचा. तू काकवी पोळीला लावून आणायचीस आणि माझ्या डब्यातली भेंडी खायचीस. भेंडी आवडते म्हणून नाही, मला आवडत नाही म्हणून. हे मला लग्नानंतर कळलं, जेव्हा ताटातली भेंडी खायला कुणी उरलं नाही.

आणि चेन्नईत पहिल्यांदा समुद्र बघितला ती सकाळ! सरांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थू थू केलं आणि म्हणाले, "एवढं पानी, आन् उसाला उपेगाचं न्हाय!" तू हसून हसून वाळूत पडलीस. मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. लाटांचा आवाज फार होता ना.

इकडं बागेचा बहार धरलाय. सासूबाईंचा आवाज खणखणीत आहे, साऱ्या मळ्याला पुरतो. सुखी आहे.

आता पुन्हा लिहिलं नाहीस तरी चालेल.

प्रगती

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. तू 'न्हाय'च म्हणाली होतीस. मला माहीत आहे.


बारामती
६ फेब्रुवारी २०२५

प्रगती,

माहीत आहे म्हणजे? कधीपासून माहीत आहे?

तू नको म्हणाली होतीस, तरी शाळेच्या अर्जावरून नंबर काढून काल दुपारी फोन केला, मुलगी शाळेत असेल अशा बेतानं. मी विचारलं, "का खोटं बोललीस?" तू म्हणालीस, "हो, झाली जेवणं." मी म्हणाले, "अगं, मी वृषाली बोलतेय." तू म्हणालीस, "दुपारून या, हे मळ्यात गेलेत," आणि फोन ठेवलास. माझी चेष्टा करतेस?

मी एकवीस वर्षांची होते, प्रगे. गावात आले तर पोरं मागून 'हाय का न्हाय' असं ओरडायची. दादा म्हणाला, "बास झाला खेळ." मी सहा महिने चेंडूला हात लावला नाही. त्या सहा महिन्यांत मी रोज तुझी वाट बघितली. येशील आणि म्हणशील, वृषे, गडबडीत बोलून गेले. तू आली असतीस तर मी लगेच माफ केलं असतं, तुला माहीत होतं ते.

नीट उत्तर दे, नाहीतर हे सगळं इथंच थांबव.

वृषाली


निमगाव केतकी
२ मार्च २०२५

वृषे,

महिना झाला. रोज लिहायला बसते आणि चुलीत घालते. आज सासूबाई लग्नाला गेल्यात, श्रेया शाळेत आहे, तर एकदाचं लिहून टाकते.

मला ऐकू येत नाही.

अगदीच नाही असं नाही. डाव्या कानानं जवळजवळ काही नाही, उजव्यानं जवळचं आणि मोठ्यानं बोललेलं. त्या दिवशी फोनवर तू आहेस हे मला कळलंच नाही. मी नेहमीसारखी अंदाजानं बोलले. दुपारी फोन आला की बहुतेक जेवण झालं का असं विचारतात, नाहीतर डाळिंबाचा व्यापारी असतो.

हे चेन्नईच्या आधी वर्षभर सुरू झालं होतं. नदीवर फारसं अडायचं नाही, तिथं शांत असायचं आणि तुझा आवाज मला पाठ होता. समुद्रावर लाटा, वारा, माणसं. तू ओरडलीस. 'न्हाय'मधला 'न' माझ्यापर्यंत आलाच नाही गं, नुसतं 'हाय' आलं. मी हात पुढं केला.

त्या क्षणी मी खोटं बोलले नाही. मला खरंच तसं ऐकू आलं. पण तुझा चेहरा बघितला आणि लगेच कळलं की कान माझा गेला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी गप्प बसले, मग तेच पुन्हा म्हणाले, आणि मग ते कागदावर गेलं.

का, ते सांगते. माझी आई, भागूबाई, तुला आठवत असेल. तिलाही ऐकू यायचं नाही. आमच्या गावात तिला कुणी नावानं हाक मारली नाही, 'ए भैरे' म्हणायचे. पोरं मागून खडे मारायची, कारण मागून मारलेलं तिला कळायचं नाही. मी दारात उभी राहून बघायचे. मला मामानं सांगवीला नेलं तेव्हा मी ठरवलं होतं, मला असं काही झालं तर मेले तरी सांगणार नाही. माझं लग्न ठरत होतं. मी तुला पुढं केलं आणि मागं लपले. मैत्रीण होतीस म्हणून जमलं, परक्या मुलीवर कुणी एवढ्या विश्वासानं आळ घेत नाही.

आता श्रेयाचं. ती पाचवीत असताना माझ्या लक्षात आलं. मी कुणाला बोलले नाही. तिला एवढंच शिकवलं की बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघावं, तशी रीतच असते. ती बिचारी ती रीत पाळते. पाहुणे म्हणतात, किती गुणाची मुलगी, नजर हलवत नाही. शाळेत पहिल्या बाकावर बसते, तीही मीच लावलेली सवय. तिला वाटतं सगळ्यांना एवढंच ऐकू येतं, फक्त बाकीचे हुशार आहेत. कोर्टवर जोडीदारीण मागं असते, तिच्या तोंडाकडं कसं बघणार?

'जोडीदाराचे ऐकत नाही' हे वाचलं आणि मला वाटलं, वृषीनं ओळखलं. म्हणून घाबरून लिहिलं. तू तर हट्टी म्हणत होतीस. ते कळलं तेव्हा आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग स्वतःची लाज वाटली. लेकीला हट्टी म्हटलेलं मला चाललं, बहिरी म्हटलेलं चाललं नाही.

माफी मागत नाही. ती वेळ गेली.

प्रगती


बारामती
१० मार्च २०२५

प्रगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतका राग आला की कपाटातली आपली राज्य स्पर्धेची ट्रॉफी काढून बाहेर ठेवली, भंगारवाल्याला द्यायला. संध्याकाळी पुन्हा आत आणून पुसून ठेवली. तुझ्यावर राग आहे. तो जाईल की नाही माहीत नाही, पण त्याच्याबरोबर तुझी आठवणही येते, तेव्हा दोन्ही सांभाळीन.

मला जास्त माझाच राग आला. पंचवीस वर्षं या खेळात काढली, शेकडो मुली बघितल्या. ती मुलगी तीन वेळा चुकली, हाकेला वळली नाही, आणि मला तोरा दिसला. तुझ्याबरोबर तेच झालं. शेवटच्या वर्षी तू सरावात सारखी 'काय? काय?' करायचीस, मी म्हणायचे, "लक्ष कुठं असतं गं, होणाऱ्या नवऱ्याकडं?" शेरा शब्दाला शब्द खरा होता, मीच त्याचा अर्थ चुकीचा लावला.

आता ऐक. म्हणजे वाच.

तुझं गुपित मी कुणाला सांगणार नाही. पण श्रेयाचं गुपित तुझं नाही, ते तिचं आहे, आणि तेच तिला माहीत नाही. मागून चाललेला ट्रॅक्टर तिला कळला नाही तर? सतरा वर्षांची मुलगी स्वतःला मठ्ठ समजतेय आणि तू बघत बसलीस. तुझ्या आईला लोक मागून खडे मारायचे. पण तिला निदान माहीत होतं आपल्याला काय झालंय ते.

तेरा एप्रिलला राखीव जोडीसाठी पुन्हा चाचणी आहे. मी समितीतून नाव काढून घेतलं. तू माझी मैत्रीण आहेस हे आता मला माहीत आहे, तेव्हा मी तिथं बसणं बरोबर नाही. त्या दिवशी मी माळेगावात फिरकणारही नाही. नियमाचं मी मोघम विचारून घेतलं, नाव न घेता. कानाला मशीन असलं म्हणून कुणी अडवत नाही.

तिला सांग. चाचणीच्या आधी सांग. तू सांगितलं नाहीस तर ती पुन्हा त्याच तीन चुका करेल, आणि यावेळी शेरा लिहिणारी मी नसेन, तरी तो तोच असेल. मग ती खेळ सोडेल. आणि तिला कधी कळणारही नाही की का सोडला.

तुला अवघड आहे ते कळतं. पण मी तुझ्यासाठी अठरा वर्षं चुकीचं ऐकून घेतलं, तर तू तिच्यासाठी एकदा खरं बोल.

तुझी (म्हण आता खुशाल)
वृषाली


निमगाव केतकी
१५ एप्रिल २०२५

प्रिय वृषे,

उशीर झाला, कारण सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

तुझं पत्र आल्यावर दहा दिवस मी नुसती बागेत फिरत राहिले. मग गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी श्रीखंडाचा चक्का टांगता टांगता तिला सांगितलं. सगळं. तिचं, माझं आणि तुझंही. ती बघत राहिली माझ्या तोंडाकडं, मी शिकवलंय तशीच. मग म्हणाली, "म्हंजी मी ढ न्हाय?" एवढंच विचारलं. मी मानेनं नाही म्हटलं तर उठून गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाडव्याला श्रीखंडाला शिवली नाही. सासूबाईंना वाटलं पोट बिघडलं.

पाचव्या दिवशी आली आणि म्हणाली, "चल, कान दाखवायचंत. तुजंबी." बारामतीला गेलो. आमचे हे गाडी चालवत होते. मला वाटलं होतं त्यांना काही माहीत नाही. दवाखान्याच्या दारात ते म्हणाले, "लगनाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं हुतं मला. तू सांगशील म्हणून गप ऱ्हायलो." एवढी वर्षं तो माणूस माझ्या उजव्या बाजूनंच का चालतो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तिला मशीन मिळालंय. मलाही मिळालंय, पण माझं सध्या डबीतच असतं. सासूबाईंचा आवाज एकदम सहन होत नाही.

परवा चाचणी झाली. तू येणार नव्हतीस, तरी मी डोळ्यांनी सगळीकडं शोधलं. तिला पुरंदरची एक मुलगी जोडीला दिली होती. तीस-चाळीस मुली, त्यांचे आईबाप, पंच, सगळे भोवती. मशीन घामानं खराब होतं म्हणून श्रेयानं ते काढून माझ्या हातात दिलं. वाटलं, आता लपवणार, माझीच लेक. तर ती त्या मुलीकडं वळली आणि पायाची वाळू झटकता झटकता म्हणाली, "मला डावीकडनं ऐकू येत न्हाय. तू उजवीकडं ऱ्हा, आन् बाहेर जानारा चेंडू आसला की जोरात दोनदा वरड." तिला वाटतं ती हळू बोलते, पण ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो. अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं.

कुणीही हसलं नाही, वृषे. ती पुरंदरची मुलगी "बरं" म्हणाली आणि उजवीकडं जाऊन उभी राहिली. पंचांनी शिट्टी मारली. संपलं. जे मला अठरा वर्षांत तुझ्याजवळ बोलता आलं नाही, ते माझ्या पोरीनं परक्या मुलीला सांगितलं आणि खेळायला लागली.

संध्याकाळी यादी लागली. तिचं नाव राखीवमध्ये आहे. मी तिथंच वाळूत खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. एक बाई पाणी घेऊन आल्या आणि माझ्या पाठीवर हात फिरवून समजूत घालायला लागल्या, की मुख्य संघात नाव आलं नाही म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका.

तुझी
प्रगती